ऑर्गॅनिक मॅप्स: पाहुण्यांच्या फोनातला नकाशा, खिरेश्वरच्या ओसरीवरून

हे परीक्षण जरा उलट्या बाजूचं आहे. सहसा ॲपबद्दल लिहितात ते वाट शोधत आलेले लोक. मी पायथ्याला राहणारा. घर खिरेश्वरात, हरिश्चंद्रगडाच्या पुणे जिल्ह्याच्या बाजूला. पिठलं-भाकरीची, राहायची सोय करतो, आणि कुणी म्हणालं तर वाटाड्या म्हणून वर जातो. त्यामुळे कोणाच्या फोनातला नकाशा कुठपर्यंत साथ देतो ते मला ओसरीवर बसून कळतं. त्याने जिथे साथ सोडली तिथून पुढचा फोन आमच्याच गावात येतो.

ऑर्गॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपला माझ्याकडून पाचपैकी चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी गोष्ट गाडीच्या नकाशाची, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. हरिश्चंद्रगड म्हणजे एक टाचणी नाही. पुणे, अहिल्यानगर आणि ठाणे या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर, आणि प्रत्येक बाजूला वेगळं पायथ्याचं गाव. आम्ही खिरेश्वरवाले जुन्नर तालुक्यातले, पाचनई अकोले तालुक्यात, आणि नळीच्या वाटेचं बेलपाडा खाली कोकणात, मुरबाडच्या बाजूला. गाडी चालवताना लोक जो नकाशा लावतात त्यात नुसतं ‘हरिश्चंद्रगड’ टाकलं की तो स्वतःच्या मनाने एक बाजू निवडतो. पाचनईत खोली ठरवलेली मंडळी रात्री अकराला आमच्या नागेश्वर मंदिरापाशी येऊन उभी राहतात आणि विचारतात, दादा, पाचनई किती लांब? चालत गेलं तर गड चढून पलीकडे उतरायचं. गाडीने गेलं तर डोंगराला अख्खा वळसा. त्यांचं तोंड बघवत नाही. मग जेवायला बसवतो.

ऑर्गॅनिक मॅप्समध्ये हा घोळ कमी होतो, पण त्याचं कारण ॲप फार हुशार आहे असं नाही. ते पायवाटा दाखवतं एवढंच. गडाभोवती बोट फिरवलं की वर जाणाऱ्या ठिपक्यांच्या रेघा दिसतात, प्रत्येक रेघ खाली कोणत्या गावात उतरते तेही दिसतं. माणूस घरूनच ठरवून निघतो की आपल्याला खुबी फाट्यावर उतरायचंय की राजूरवरून जायचंय. एसटीने येणाऱ्याला तर याचा फार उपयोग. कल्याणहून माळशेज घाट चढून आलं की खुबी फाटा, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर. भिंतीवरचा रस्ताही नकाशात आहे.

हा नकाशा कुणा कंपनीने गाडी फिरवून काढलेला नाही. ॲपच्या पोटात आहे तो ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसाने ते काम सुरू केलं. त्या काळी तिथल्या सरकारी नकाशाची माहिती वापरायला पैसे मोजावे लागत, म्हणून लोकांनीच मिळून नकाशा काढायचा असं ठरलं. आज जगभरातून १ कोटीहून जास्त लोकांनी तिथे नाव नोंदवलंय. सगळेच काम करत नाहीत हे उघड आहे, आमच्या गावकीत तरी कुठे करतात. पण जो करतो त्याने काढलेली रेघ सगळ्यांना फुकट वापरता येते. ऑर्गॅनिक मॅप्स, ओसमअँड अशी बरीच ॲप्स त्याच एका नकाशावर चालतात. ओसमअँडमध्ये बटणं जास्त आहेत, ज्याला त्यात रस आहे त्याने ते घ्यावं. ऑर्गॅनिक मॅप्समधूनच फुटून २०२५ मध्ये कोमॅप्स म्हणून आणखी एक निघालं, ॲपमागच्या लोकांचे मतभेद झाले म्हणून. नकाशा तोच असल्यामुळे आमच्यापुरता फरक पडत नाही.

ॲपला पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, आणि नकाशा एकदा फोनात उतरवला की इंटरनेट लागत नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही ही गोष्ट अजून निम्म्या लोकांना माहीत नसते. फोन उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतो, त्यासाठी रेंज नको, रिचार्ज नको. विमान मोडवर टाकला तरी निळा बाण जागेवर दिसतो, आणि बॅटरी दुप्पट टिकल्यासारखी वाटते, कारण फोन दर मिनिटाला टॉवर शोधत बसत नाही. फक्त पहिल्यांदा जागा सापडायला मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ उभं राहावं लागतं. लोक झाडाखाली, तेही चालता चालता, फोन हलवत बसतात आणि मग ॲपला शिव्या देतात.

आता डोंगरावर. आमच्या गावातून रुळलेली वाट टोलार खिंडीतून. कोणी तोलार म्हणतं, कोणी टोलार लिहितं. नकाशात शोधताना एका स्पेलिंगने नाही सापडलं तर दुसऱ्याने बघा. देवनागरीत नाव भरलेलं नसेल तर इंग्रजीत टाका. हा शोध या ॲपचा लंगडा पाय आहे. मोठ्या कंपन्यांचे नकाशे चुकीचं लिहिलं तरी ओळखतात, याला तेवढं जमत नाही.

खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. तिथे पोचलात की दोन वाटा होतात. एक सरळ पलीकडे उतरते ती कोथळ्याला. दुसरी कातळावरून गडाकडे, जिथे आता रेलिंग लावलंय. सकाळी उजेडात हा प्रश्नच येत नाही, रेलिंग समोर दिसतं. पण पावसाळ्यात खिंडीत ढग भरलेला असतो, आणि कोथळ्याची वाट रुंद आणि सोपी. दमलेला माणूस सोप्या वाटेने जातो. इथे तो निळा बाण कामाला येतो: चार पावलं चुकीची पडली की बाण रेघेपासून सुटलेला दिसतो. मी पाहुण्यांना सांगतो, फोन हातात धरून चालू नका, पाय दगडावर ठेवा, पण खिंडीत एकदा आणि रेलिंग संपलं की एकदा थांबून बघा.

रेलिंगनंतरचा भाग जास्त फसवा. चढ संपला, आता देऊळ आलंच, असं वाटतं, आणि पुढे टेकड्यांमागून टेकड्या सुरू होतात. वर-खाली, वर-खाली, मध्ये झाडी, मध्ये ओढे. बालेकिल्ल्याच्या बाजूला जाणाऱ्या ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या. धुक्यात पाचवी टेकडी आणि दुसरी टेकडी सारखीच दिसते. दगडांवर रंगवलेले बाण आहेत, पण निरनिराळ्या ग्रुपांनी निरनिराळ्या वर्षी काढलेले, त्यात कोणी स्वतःच्या मुक्कामाकडे काढलेला बाणही असतो. पूर्वी दर पावसाळ्यात इथे कोणी ना कोणी रात्रभर बसलेलं सापडायचं. हा नकाशा आल्यापासून या टप्प्यावरचे फोन कमी झाले, हे मी छातीठोक सांगतो. रेघ नीट आहे, कारण तिच्यावरून शेकडो लोक चालले आणि त्यातल्या काहींनी आपला माग, म्हणजे आपण चाललेली वाट, फोनात नोंदवून रेघ सरळ केली.

आणि हीच त्याची मर्यादासुद्धा. जिथे माणसांचा राबता, तिथे नकाशा चांगला. जिथे राबता नाही, तिथे एखाद्याने एकदा काढलेली रेघ, ती बरोबर की चूक हे सांगणारा दुसरा कोणी नाही. खिरेश्वरातूनच राजदरवाज्याची वाट वर जाते. जुनी वाट आहे, पण पावसानंतर कारवी माजली की आम्हालाही कोयता लागतो. फोनात मात्र एकदा रेघ आली की ती बाराही महिने तशीच दिसते. मळलेली वाट, अंधूक वाट, हा फरक भरायची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे, वाट किती अवघड तेही भरता येतं, आणि भरलं तर ॲप ती रेघ वेगळी दाखवतं. पण भरणाऱ्याने भरलं तर. नाहीतर टोलार खिंडीची वाट आणि नळीची वाट दिसायला सख्ख्या बहिणी. अवघडपणा मोजायची पट्टीही स्वित्झर्लंडच्या गिर्यारोहक संघाची, आल्प्ससाठी बनवलेली. मुरमाची घसरडी सोंड आणि ओला कातळ तिच्यात कुठे बसवायचा याचा निर्णय ज्याचा त्याने करायचा.

नळीच्या वाटेबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण व्हिडिओ बघून येणारे वाढलेत. बेलपाड्यातून कोकणकड्याच्या पोटातून वर येणारी ती घळ. खाली मोठमोठे दगड, वर दोन्हीकडे कडे, मध्ये दोर लावायला लागतील असे कातळटप्पे. घळीत उभं राहिल्यावर आभाळाची एक पट्टीच दिसते, त्यामुळे फोनला उपग्रह थोडे दिसतात, आणि त्यांचे संदेश कातळावर आपटून येतात. बाण एकदा या कड्यावर, एकदा त्या कड्यावर. ॲपचा दोष नाही, कुठलाही फोन असाच वागेल. पण ज्याने टेकड्यांवर बाणाच्या भरवशावर चालून विश्वास ठेवलाय, तो इथेही ठेवतो. इथे ठेवू नये. बेलपाड्यातला माणूस बरोबर घ्यावा, आणि पावसाळ्यात ती वाट मनातूनच काढावी, वरून दगड येतात.

समोच्च रेषा तेवढ्या चालू करून ठेवा. थरांच्या बटणात सापडतात. शाळेत भूगोलाच्या पेपरात मार्कांसाठी पाठ केलेल्या त्या रेषा, इथे जीव वाचवतात. जवळजवळ आल्या की उभा चढ. एकमेकींना चिकटल्या की कडा, तिथे वाटेची रेघ असो वा नसो, थांबायचं. कोकणकड्यापाशी त्या कशा दिसतात ते घरीच बघून ठेवा, म्हणजे अंधारात ओळखता येतील. कड्याच्या काठावर नकाशावर विसंबून चालायचंच नाही. पाच-दहा मीटरची चूक फोनसाठी किरकोळ, तिथे नाही.

वेळेचा अंदाज ॲप देतं, चढउताराचा आलेखही दाखवतं. आलेख छान आहे. वेळ विसरा. त्याला ओला कातळ माहीत नाही, रविवारची रेलिंगवरची रांग माहीत नाही, दर वळणावर फोटो काढणारा तुमचा मेहुणा माहीत नाही.

पाण्याचं मात्र मला खरंच खटकतं. नकाशावर टाक्याची निळी खूण असते, पण ऑगस्टात तुडुंब असलेलं टाकं एप्रिलमध्ये तळाला जातं. आणि सगळीच टाकी पिण्याची नाहीत. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं पाणी आहे, म्हणून बाटली भरायची नाही, तो देव आहे. ‘पिण्याचं’ आणि ‘हंगामी’ असं वेगवेगळं भरता येतं, पण लोक नुसती खूण टाकून मोकळे होतात. पाचवा गुण मी इथे कापला.

मग तूच का भरत नाहीस, असं मला एका पाहुण्याने विचारलं. पुण्याचा कॉलेजातला पोरगा, पावसामुळे माझ्याकडे अडकलेला. त्याने माझं खातं उघडून दिलं. तेव्हापासून मी या नकाशाचा थोडासा मालकही आहे, म्हणून नव्या माणसाला तिथे कसं वागवतात तेही सांगतो.

ॲपमधूनच ठिकाण भरता येतं: खानावळ, टाकं, देऊळ, फलक. खूण ठेवायची, प्रकार निवडायचा, नाव लिहायचं, रेंजमध्ये आलं की पाठवायचं. हे इतकं सोपं आहे की माझ्या बायकोने आमच्या खानावळीची खूण स्वतः ठेवली, आणि मी उगाच पुढे ‘उत्तम’ लिहायला लागलो तर म्हणाली, जाहिरात नाही करायची त्यात. बरोबर होती. तसा नियमच आहे.

वाटेची रेघ काढायची तर ॲपमध्ये जमत नाही, ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर जावं लागतं, आणि तिथे नवखा गांगरतो. शिकवणी चांगली आहे. पहिल्यांदा संपादन उघडलं की हाताला धरून सराव करून घेते, बिंदू ठेवा, रेघ ओढा, चौक जोडा. सराव होतो तो अमेरिकेतल्या थ्री रिव्हर्स नावाच्या गावावर. तिथली बाग रंगवून झाली, इमारती काढून झाल्या, सगळं नकली, काही बिघडत नाही, म्हणून भीती जाते. पण तिथून बाहेर पडून हरिश्चंद्रगडावर आलं की खाली उपग्रहाचा फोटो आणि त्यावर नुसतं हिरवं रान. झाडीखालची वाट वरून दिसत नाही. चालताना माग नोंदवून आणायचा आणि त्यावरून रेघ ओढायची, हे त्या शिकवणीत मला मिळालं नाही, त्या पोराने सांगितलं. शिवाय पायवाट भरायची ती ‘हायवे’ या खात्यात! आमची ढोरवाट हायवे. तिथला विकी उघडला की कळतं असं का, पण समजावणारी बरीचशी पानं इंग्रजीत आहेत आणि लांबलचक.

एक सोय मात्र मला फार आवडली. बदल पाठवताना खाली एक चौकोन असतो, त्यावर खूण केली की ‘माझं काम कोणीतरी तपासा’ अशी विनंती जाते. मी पहिल्या वेळी केली. कुठल्या तरी लांबच्या माणसाने उत्तर दिलं, ओढा आणि वाट जिथे एकमेकांना छेदतात तिथे पूल नसेल तर पाण्यातून ओलांडणी म्हणून भरा. आवाज न चढवता सांगितलं. नवीन माणसाला एवढंच लागतं. ज्याला रेघा ओढायच्या नसतील त्याने स्ट्रीटकंप्लीट नावाचं ॲप घ्यावं, ते नुसते प्रश्न विचारतं, हा रस्ता डांबरी की मातीचा, असे, आणि उत्तर नकाशात घालतं. आमच्या पुतण्याने सुट्टीत अर्धं गाव असंच भरलं.

सगळं मात्र मी भरत नाही. गावाखालचा एक झरा आहे, उन्हाळ्यात बायका तिथे हंडे घेऊन जातात. तो नकाशात आला तर शनिवारी पन्नास बाटल्या आणि आंघोळी. नाही भरला. देवराईतून जाणारी वाटही नाही भरली. वरचा गड अभयारण्यात आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, १९८६ पासून. इथे प्रत्येक वाट पाहुण्यांसाठी नसते. कोणी बाहेरचा येऊन भरेलही, त्याला मी थांबवू शकत नाही. पण मग त्या वाटेवर प्रवेश बंद असं नोंदवता येतं, ते मी करीन.

गावातले काही म्हणतात, तू स्वतःच्या पोटावर पाय आणतोस, नकाशा असला की वाटाड्या कोण घेणार. माझा अनुभव तसा नाही. टोलार खिंडीने जाणारा पूर्वीही वाटाड्या घेत नव्हता, नुसता हरवायचा. आता तो वेळेत खाली येतो आणि जेवून जातो. ज्यांना राजदरवाजा बघायचाय ते आजही आमच्यातल्या कोणाला तरी घेऊनच जातात, आणि नकाशा बघून आलेला माणूस प्रश्न चांगले विचारतो. इकडे ओढा कुठे मिळतो, ही सोंड कुठे जाते. बरं वाटतं सांगायला.

अडचणीच्या वेळी याचा एक उपयोग लोकांना माहीत नसतो. निळ्या बाणावर बोट ठेवलं की खाली अक्षांश-रेखांश येतात. वर कुठेतरी एक काडी रेंज मिळाली तर तेवढे आकडे मेसेजने पाठवा, किंवा ११२ वर फोन लावून वाचून दाखवा. ‘आम्ही एका मोठ्या झाडाजवळ आहोत’ यावरून शोधायला निघालेल्या गावकऱ्यांची रात्र जाते. आकडे मिळाले तर आम्ही सरळ तिथे येतो. आकडे पाठवल्यावर जागा सोडू नका, हे मात्र पाळा. लोक थंडीने चालायला लागतात आणि आम्ही रिकाम्या जागी पोचतो.

महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या, फाट्यावर उभं राहून नाही. जुना उतरवलेला असेल तर निघायच्या आठवड्यात अद्ययावत करा, रेघा बदलत राहतात. पॉवर बँक आणा. आणि जेवायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी कळवा, भाकरी नकाशात भरता येत नाही, थापावी लागते.